किडनीचं रिजेक्शन: क्रिएटिनिन वाढायच्या आधी

श्रोतेहो, नमस्कार. किडनी प्रत्यारोपण झालेल्या घरात सगळ्यांचं लक्ष एका आकड्याकडे असतं, क्रिएटिनिनकडे, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते त्या रक्तातल्या टाकाऊ पदार्थाकडे. १.२ आलं की घर निश्चिंत, १.६ आलं की फोनाफोनी. पण हा आकडा उशिरा बोलतो. आतमध्ये दाह सुरू होऊन किडनीची गाळण्याची ताकद बरीच घटल्यावरच तो वर सरकतो. आणि वाढला तरी का वाढला, ते सांगत नाही. जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालेलं असो, टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध रक्तात जास्त झालेलं असो, मूत्रनलिका अडलेली असो, बीके नावाचा विषाणू जागा झालेला असो, की खरोखरचं रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं असो, रिपोर्ट सारखाच दिसतो. गेल्या काही वर्षांतलं पुष्कळसं संशोधन याच दोन उणिवांच्या मागे लागलेलं आहे.

अंदाज बांधायला खरी सुरुवात शस्त्रक्रियेच्या आधीच होते, ती क्रॉसमॅचपासून. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, एकत्र ठेवून पेशी मरतात का ते पाहायचं. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ साली या चाचणीचं महत्त्व आकड्यांनी दाखवलं. चाचणी निगेटिव्ह असलेल्या १९५ प्रत्यारोपणांपैकी ८ किडन्या लगेच निकामी झाल्या, पॉझिटिव्ह असलेल्या ३० पैकी २४. त्यानंतर क्रॉसमॅच न करता किडनी बसवणं जगभर थांबलं. पेशींवर एचएलए नावाची, माणसागणिक वेगळी असणारी ओळखीची प्रथिनं असतात. आता लुमिनेक्स या रक्तचाचणीने कोणत्या एचएलए प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी आहेत, तेही वेगवेगळं कळतं.

या अँटीबॉडी येतात कुठून? आधीच्या प्रत्यारोपणातून, रक्त चढवल्यामुळे आणि गरोदरपणातून. बाळाची निम्मी एचएलए प्रथिनं वडिलांची असतात, त्यामुळे काही स्त्रियांच्या शरीरात नवऱ्याच्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊन बसतात. आपल्याकडे घरातलेच लोक किडनी देतात, म्हणून हा मुद्दा फार महत्त्वाचा. नवऱ्याची किंवा मुलाची किडनी घेणाऱ्या बाईने आधीची बाळंतपणं आणि गर्भपात डॉक्टरांना सांगायलाच हवेत. डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन घसरलं की रक्ताची बाटली लावण्याआधी रक्त वाढवणारं एरिथ्रोपोइटिनचं इंजेक्शन आणि लोह देऊन पाहतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

प्रत्यारोपणानंतर रिजेक्शन मुख्यतः दोन वाटांनी येतं. एकात टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, किडनीत शिरून नलिकांच्या भिंती पोखरतात. दुसऱ्यात अँटीबॉडी केशवाहिन्यांच्या अस्तरावर हल्ला करतात. दोन्ही एकत्रही दिसतात. कोणती वाट आहे हे ठरवायला आजही बायॉप्सीच, म्हणजे सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणंच, लागते. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, त्वचेपासून जवळ बसवलेली असते, त्यामुळे जागा बधिर करून सोनोग्राफीच्या मदतीने सुई घालणं तसं सोपं. नंतर काही तास पडून राहायचं आणि लघवीत रक्त येतंय का ते पाहायचं. तुकड्यात किमान १० ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे गुच्छ, आणि २ धमन्या असाव्यात, नाहीतर निदान अर्धवट राहतं. वाचन बॅन्फ पद्धतीने होतं. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ साली ठरलेली ही गुणपद्धती तेव्हापासून सतत सुधारली जाते आहे.

बायॉप्सी टाळून अंदाजानेच स्टेरॉइड देण्याचा मोह होतो. त्यातला धोका बीके विषाणूचा. तिथेही नलिकांभोवती दाह दिसतो, पण उपचार अगदी उलटा: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची. रिजेक्शन समजून ती वाढवली तर विषाणूला रान मोकळं मिळतं. म्हणून रक्तातला बीके विषाणू मोजणं आणि बायॉप्सीच्या तुकड्यावर त्याचा विशेष रंग देऊन पाहणं, दोन्ही हवं.

सुई न टोचता कळावं म्हणून आलेली सर्वांत चर्चेतली चाचणी म्हणजे रक्तातला दात्याचा डीएनए. किडनीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात, आणि काही तासांतच नाहीसे होतात. त्यामुळे आजचा आकडा जवळजवळ आजचीच इजा सांगतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात रक्तातल्या अशा एकूण मोकळ्या डीएनएपैकी दात्याचा वाटा १ टक्का ही रेषा धरली. वर आकडा आलेल्या १०० जणांमागे ६१ जणांना सक्रिय रिजेक्शन होतं, खाली आलेल्यांपैकी ८४ जणांना नव्हतं. म्हणजे खाली आलेल्या १६ जणांची चाचणीने फसवणूक केली. अँटीबॉडीच्या रिजेक्शनमध्ये मधला आकडा २.९ टक्के होता, पण टी पेशींच्या सौम्य प्रकारात अवघा ०.२, म्हणजे निरोगी किडनीइतकाच. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस तो तसाही जास्त असतो. आमच्या मते या चाचणीचा खरा उपयोग ओळीने घेतलेल्या आकड्यांत आहे. एकट्या रिपोर्टवरून उपचार सुरू करू नयेत, आणि स्वस्तही ती नाही.

दूरचा अंदाज हवा असेल तर पॅरिसच्या गटाने २०१९ साली मांडलेला आय-बॉक्स आहे. प्रत्यारोपणाला झालेला काळ, गाळण्याचा वेग, लघवीतलं प्रथिन, दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी आणि बायॉप्सीचे गुण असे आठ घटक घालून पुढच्या काही वर्षांत किडनी टिकण्याची शक्यता त्यात काढतात. बायॉप्सी नसेल तर अंदाज ढिला होतो.

आता उपचार. टी पेशींचं रिजेक्शन बहुतेक वेळा आटोक्यात येतं. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन, साधारण ५०० मिलिग्रॅम रोज, तीन दिवस. मधुमेह असेल तर साखर उसळते, म्हणून इन्सुलिन तयार ठेवतात. चार-पाच दिवसांत क्रिएटिनिन उतरलं नाही, किंवा बायॉप्सीत धमनीच जास्त सुजलेली असेल, तर अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन हे जास्त जोरदार औषध देतात. ते टी पेशी झपाट्याने कमी करतं, म्हणून सोबत सीएमव्ही विषाणू आणि न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसाला ग्रासणारी बुरशी यांच्यापासून संरक्षण देणारी औषधं लागतातच.

अँटीबॉडीचं रिजेक्शन हा मात्र या क्षेत्रातला हट्टी पाहुणा. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, बदलून अँटीबॉडी काढायच्या आणि इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी) द्यायचं, ही रूढ पद्धत. पण हाडांच्या मगजातल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी कारखाना चालूच ठेवतात आणि अँटीबॉडी परत येतात. या पेशींवर बोर्टेझोमिब हे औषध वापरून पाहिलं, पण व्हिएन्नातल्या चाचणीत फायदा दिसला नाही. फेल्झार्टामॅब या औषधाने मात्र आशा दाखवली. प्लाझ्मा पेशी आणि एनके पेशी (प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशी) या दोन्हींवर असलेलं सीडी-३८ हे प्रथिन ते पकडतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २४ आठवड्यांनंतरच्या बायॉप्सीत औषध घेतलेल्या ११ पैकी ९ जणांचं रिजेक्शन मावळलेलं होतं, नुसतं सलाइन मिळालेल्या १० पैकी फक्त दोघांचं. आकडे उत्साह देणारे आहेत, पण माणसं मोजकीच, आणि औषध थांबल्यावर त्या नऊपैकी तिघांत रिजेक्शन परतलं.

एवढ्या महागड्या गोष्टींच्या शेजारी एक जुनी तपासणी दुर्लक्षित राहते, टॅक लेव्हल, म्हणजे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं तर आकडा फसवा चढतो, डोस विनाकारण कमी केला जातो, आणि पुढच्या आठवड्यात संरक्षण तुटतं. पातळी बराच काळ ५ नॅनोग्रॅमच्या खाली राहिली, किंवा दर वेळी वरखाली होत राहिली, तर नव्या अँटीबॉडी तयार व्हायचा धोका वाढतो. काहींच्या यकृतातलं सीवायपी-३ए-५ हे टॅक्रोलिमस मोडणारं विकर जोरदार असतं. त्यांना नेहमीच्या दीडपट ते दुप्पट डोस लागतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. जुलाबात पातळी उलट वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम आणि पपनस यांनीही ती वाढते.

आपल्या देशात सर्वांत जपायचं ते टीबीच्या उपचारात. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध यकृताचा औषधं मोडण्याचा वेग वाढवून टॅक्रोलिमसची पातळी काही दिवसांत तळाला नेतं, त्यामुळे बरेच डॉक्टर त्याऐवजी रिफाब्युटिन वापरतात. रिफॅम्पिसिनच द्यावं लागलं तर डोस कित्येक पटींनी वाढवून लेव्हल वारंवार तपासावी लागते. आणि टीबीचा कोर्स संपल्यावर साधारण दोन आठवड्यांत यकृताचा हा वेग पूर्ववत होतो. तेव्हा तो वाढवलेला डोस वेळेवर उतरवला नाही, तर हात थरथरू लागतात आणि क्रिएटिनिन पुन्हा चढतं, या वेळी औषध जास्त झाल्यामुळे.