चार अक्षरांनंतरची जागा

चाल बांधणे शिकवता येते का, असे मला पुष्कळदा विचारले जाते आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘नाही’ हेच उत्तर हवे असते, कारण चाल ‘सुचते’ असेच आपण म्हणत आलो आहोत. सुचणे शिकवता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण सुचलेल्या चार-सहा सुरांपासून पुरी चाल उभी राहीपर्यंत जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांतले बरेचसे शब्दांविषयीचे असतात, आणि शब्द ऐकायला कान तयार करता येतो. आज मी एवढ्याच कामाविषयी, तेही बहुतांशी एकाच ओळीच्या आधाराने बोलणार आहे.

माझ्या वर्गातले सुरुवातीचे काही आठवडे हरिपाठाच्या पहिल्या ओळीवर जातात: ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या ॥’ मोठ्या अभंगाचे माप असे की तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा, म्हणजे एकूण २२ अक्षरे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात मात्रेला एक अक्षर या हिशेबाने ती बसवली, तर चार आवर्तनांच्या ३२ मात्रांपैकी १० मात्रा मोकळ्या राहतात. पहिल्या तीन चरणांनंतर दोन-दोन आणि ‘साधियेल्या’नंतर चार. हे गणित कोणालाही जमते. त्या १० मात्रांचे काय करायचे, यावर मात्र चालीचा स्वभाव ठरतो. दिंडीत ती जागा टाळ-मृदंगाची असते आणि ती भरून काढायची आहे असे तिथे कोणाला वाटत नाही. नवा विद्यार्थी मात्र मोकळी मात्रा दिसली की अस्वस्थ होतो. तो शेवटचे अक्षर ओढतो, हरकत (सुरांची छोटी, झटपट फिरत) घेतो, नाहीतर पेटीचा तुकडा टाकतो.

म्हणून मी त्याला ‘साधियेल्या’नंतरच्या चारही मात्रा पूर्ण मोकळ्या ठेवून गायला सांगतो, आणि तसे गाताना त्याच्या लक्षात येते की ती शांतता कशी ऐकू येईल हे ‘ल्या’ कोणत्या सुरावर ठेवला यावर अवलंबून आहे. ‘ल्या’ षड्जावर, म्हणजे ‘सा’वर आला, तर ओळ घरी पोहोचते आणि मोकळी जागा विसाव्यासारखी वाटते. तोच ऋषभावर, म्हणजे ‘रे’वर थांबवला, तर ऐकणारा पुढच्या ओळीची वाट पाहू लागतो. एकदा हे कानाला कळले की हरकती आपोआप कमी होतात.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची आहे. बोलताना आपण ‘क्षणभरी’ या शब्दातला ‘ण’ अर्धाच उच्चारतो. छंदाला मात्र तो पुरा लागतो, नाहीतर चरणात पाचच अक्षरे उरतील. म्हणजे बोलण्यात नसलेल्या एका ‘अ’ला गाण्यात सूर द्यावा लागतो. तो ठसठशीत दिला, तर शब्द शाळेतल्या पाठांतरासारखा ऐकू येतो. अगदी पुसट केला, तर ठेक्यात भोक पडते. ‘क्ष’च्याच सुरावर ‘ण’ ठेवून ‘भ’ला सूर बदलणे हा एक मार्ग आहे. तोच एकमेव नव्हे, आणि दुसरे मार्ग विद्यार्थ्यांनीच शोधावेत अशी माझी अपेक्षा असते.

रागाकडे मी यानंतर वळतो, आणि तेही भूप आणि देशकार एकदम समोर ठेवून. सा रे ग प ध हे पाचच स्वर दोन्हींत आहेत. पण भूपात गंधाराला (‘ग’ला) मान आहे, तर देशकार धैवताभोवती (‘ध’भोवती), सप्तकाच्या वरच्या अंगात वावरतो. तीच ओळ दोन्हींत बांधायला सांगितली की ‘स्वर लागले म्हणजे राग आला’ हा समज टिकत नाही. संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली, ज्यांत रागाचे नियमच गीतातून सांगितलेले आहेत. राग लक्षात ठेवण्यासाठी ती उत्तम आहेत, परंतु रचना शिकण्यासाठी मी ती फारशी वापरत नाही, कारण तिथे शब्दांनी नियमांची चाकरी पत्करलेली असते आणि आपल्याला शब्दांची चाकरी करायची आहे.

‘अजून सुचले नाही’ म्हणणाऱ्यांना मी गीतरामायणाची आठवण देतो. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या मालिकेत वर्षभर, दर आठवड्याला, गदिमांचे नवे गीत सुधीर फडके यांच्या चालीत ऐकवले जात होते. शुक्रवार कोणासाठी थांबत नाही, एवढेच मला त्यातून सांगायचे असते. (आमच्या वर्गाचा दिवस शुक्रवार आहे.)

एक चूक मी बरीच वर्षे केली. विद्यार्थ्याने चाल आणली की मी पेटी पुढे ओढून ‘हे इथे असे कर’ म्हणत असे, तो खूश होत असे आणि वर्षअखेरीस सगळ्यांच्या चाली माझ्यासारख्या निघत. एका मुलीने धीर करून विचारले, ‘सर, यातले माझे काय राहिले?’ त्या दिवसापासून वर्गात पेटी बंद असते. मी फक्त विचारतो: इथे का थांबलीस, हा शब्द वर का गेला? पुष्कळदा तिच्याकडे उत्तर असते आणि ते माझ्या दुरुस्तीपेक्षा बरे असते. उत्तर नसले, तर ती जागा ती स्वतःच बदलून आणते.

‘क्षणभरी’मधला ‘ण’ मात्र मी स्वतः अजून तीन प्रकारे गातो, आणि कोणी विचारले तर तिन्ही गाऊन दाखवतो.