न आलेल्यांची मोजणी

उपस्थित गुरुजन आणि विद्यार्थी मित्रहो,

दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला जे आजार दिसतात, ते आलेल्या माणसांचे असतात. दिवसभरात शंभर रुग्ण तपासले तरी गावात आजारी किती होते, हे त्याला सांगता येत नाही. अपूर्णांकाचा अंश त्याच्या हाती असतो, छेद मात्र गावात असतो. उपयोजित आरोग्य-संशोधनाचे काम त्या छेदापाशी सुरू होते, असे मला वाटते: जे आले नाहीत त्यांना मोजायचे, ते का आले नाहीत हे समजून घ्यायचे आणि उपाय त्यांच्या दारात नेल्यावर फरक पडला की नाही, हे पुन्हा मोजून पाहायचे.

ही दृष्टी शिकवणाऱ्या संस्थांमध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पब्लिक हेल्थ स्कूलचे स्थान मोठे आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. कार्ल टेलर आंतरराष्ट्रीय आरोग्य हा विभाग चालवत. त्यांचा जन्म मसुरीच्या परिसरातला, आणि पंजाबातील नारंगवाल येथे त्यांनी खेड्यात राहून संशोधन केले होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे त्यांच्याकडे शिकले आणि १९७० साली जामखेडला आले, पुढे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही तेथूनच १९८४ साली पदवी घेऊन परतले आणि गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था त्यांनी उभी केली. जामखेडवर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. आज गडचिरोलीविषयी बोलतो.

तेथील पहिला मोठा अभ्यास डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केला. तक्रार असो वा नसो, तेरा वर्षांवरील सर्व स्त्रियांना तपासणीसाठी बोलावले गेले. काही जणी तरीही आल्या नाहीत, पण ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि याआधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध आला, तोवर गरीब देशांतील स्त्रियांचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच धोरण थांबत असे. आजार होतेच, दवाखान्याच्या रजिस्टरात ते उतरले नव्हते.

लहान मुलांच्या न्यूमोनियाचे काम करताना अडचण वेगळी होती. न्यूमोनिया ओळखायचा तर मुलाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात, आणि गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. दहापर्यंत मात्र ती अचूक मोजे. तेव्हा एक साधे साधन तयार झाले: तारेत ओवलेले मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. तान्ह्या बाळासाठी मण्यांची ओळ वेगळी, मोठ्या मुलासाठी वेगळी. दाईला जे येते तेथून सुरुवात करून शास्त्राची अट पूर्ण करणारे हे साधन मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात अचूकतेशी तडजोड झालेली नाही आणि दाईला कमीही लेखलेले नाही.

यानंतर नवजात बाळांचा प्रश्न हाती घेतला गेला. १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांचे घरी जाऊन निरीक्षण केले, तेव्हा ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली २.६ टक्के बाळांना. बहुतेक बाळंतपणे घरी होत, आणि जिल्ह्याचे रुग्णालय कितीही सुसज्ज केले तरी ही बाळे तेथे पोहोचणार नव्हती. म्हणून पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले गेले. बाळाला ऊब देणे, वजन करणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे सगळे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५८ होता, तो ५९.६ वर राहिला.

या तुलनेच्या गावांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. तेथे नेहमीची सरकारी सेवाच चालू होती, आणि त्या गावांतली बाळे पूर्वीच्याच प्रमाणात दगावत राहिली. हा आकडा वाचताना आजही जड जाते. पण ती गावे मोजली नसती, तर ३९ गावांतली घट चांगल्या पावसाची की नव्या रस्त्याची, हा आक्षेप कोणालाही घेता आला असता, आणि २०११ साली देशभरातील ‘आशां’कडे, म्हणजे गावोगावच्या सरकारी योजनेतील आरोग्य-कार्यकर्त्यांकडे, हे काम आलेच नसते. आज घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशी, आणि मग प्रत्येक बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा जाते. इंजेक्शन मात्र सर्वसाधारणपणे तिच्या हाती दिले गेले नाही. मूळ प्रयोगातला हा भाग गाळल्यावर परिणाम किती उरतो, हा प्रश्न तुमच्यासारख्यांनी पुन्हा मोजण्याजोगा आहे.

आणखी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो. दिवाळीच्या आसपास बीडकडची ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, बाळ जन्मले, तर त्याच्या आईचे नाव गावाकडच्या आशाच्या वहीत असते आणि बाळ असते दोन-तीनशे किलोमीटरवर. ज्या गावाच्या शिवारात ती कोपी आहे, तेथल्या आशाच्या यादीत ती बाई नसू शकते. मुकादमाच्या हिशेबात कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, असतो, त्यात बाळंतीण निराळी धरलेली नसते. बेचाळिसाव्या दिवशी ते बाळ कसे आहे, हे पाहायला कोणी जायचे, आणि ते कोणत्या गावाच्या छेदात धरायचे?