सी आणि सी++ची खिचडी सी++१७ वर आणताना

नमस्कार मंडळी. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासळीच्या लिलावाचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. हिशोबाचा गाभा जुन्या सीमध्ये, स्क्रीन आणि पावत्या सी++मध्ये. हे सगळं जीसीसी या कंपायलरवर सी++१७ मध्ये, म्हणजे सी++च्या २०१७च्या स्टँडर्डवर न्यायचंय. मुहूर्त १ जून ते ३१ जुलै. पावसाळी मासेमारीबंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात, लिलावाची घाई नसते.

बहुतेक जण पहिल्याच दिवशी डॉट सी फायली डॉट सीपीपी करून टाकतात आणि एररच्या ढिगाऱ्यात बसतात. नावं राहू द्या. आधी सी कंपायलरलाच '-डब्ल्यूसी++-कंपॅट' हा फ्लॅग द्या. सी++ला काय खपणार नाही, ते तो सीमध्येच सांगतो. मेमरी मागणारं मॅलॉक दिसेल: त्यातून येणारा व्हॉइड पॉइंटर, म्हणजे प्रकार न ठरलेला पत्ता, सीमध्ये गुपचूप हव्या त्या प्रकारात बदलतो, सी++मध्ये कास्ट लागतो, म्हणजे प्रकार स्वतः लिहावा लागतो. पापलेटची प्रत, म्हणजे दर्जा, ठेवायला कुणी 'इंट क्लास' लिहिलं असेल, तर तेही दिसेल. 'क्लास' सी++चा राखीव शब्द. नाव बदलून 'प्रत' करा, विषय संपला. या काळात गाभ्याचा बिल्ड सीमध्येच चालू असतो, ही यातली मोठी सोय.

मग एकेक फाइल सीपीपी करा. सी++ फंक्शनच्या नावाला आर्ग्युमेंटचे प्रकार चिकटवतं, म्हणून उरलेल्या सी फायलींना ते नाव सापडत नाही आणि कंपाइल झालेल्या फायली जोडणारा लिंकर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणतो. दोन्हीकडच्या घोषणा असलेल्या सामाईक हेडरला 'एक्स्टर्न सी' लावा, म्हणजे नाव सीसारखंच राहतं, पण '__सीप्लसप्लस'च्या इफडेफमध्ये, म्हणजे फक्त सी++ कंपायलरला दिसेल असं. सीला 'एक्स्टर्न सी' कळत नाही. तरीही तोच एरर आला, तर ग्लोबल 'कॉन्स्ट' बघा. दरांचं टेबल सीमध्ये बाहेर दिसतं, सी++मध्ये फायलीपुरतंच राहतं. एक्स्टर्न घोषणेचं हेडर टेबलाच्या फायलीतही इन्क्लूड करा.

एरर देणारी चूक बरी म्हणायची. बाइटमध्ये आकार सांगणाऱ्या 'साइझऑफ'मध्ये कुणी थेट 'ए' हे अक्षर दिलं असेल, तर सीमध्ये ते इंट, म्हणजे ४ बाइट, सी++मध्ये १. त्यावर रेकॉर्डची लांबी मोजली असेल, तर जुनी डेटा फाइल सरकून वाचली जाते आणि सी++ कंपायलर अवाक्षर काढत नाही. एकाच दिवसाचा लिलाव जुन्या-नव्या बिल्डमधून चालवा, तयार झालेल्या फायली 'सीएमपी' या कमांडने ताडून बघा.

जुन्या सी++मधलं 'रजिस्टर' आणि 'थ्रो'मागची प्रकारांची यादी काढा, 'ऑटो_पीटीआर' या जुन्या स्मार्ट पॉइंटरच्या जागी 'युनिक_पीटीआर' आणा. बिल्ड मांडणाऱ्या सीमेकमध्ये स्टँडर्ड १७ लिहिलंत की 'रिक्वायर्ड ऑन' लिहायला विसरू नका. नाहीतर ऑफिसातल्या जुन्या कंपायलरच्या मशीनवर तो निमूट खालच्या स्टँडर्डवर उतरतो.