रस्त्याखाली गेलेली पायरी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपूरच्या महाल भागात एखाद्या जुन्या वाड्यासमोर उभे राहिलात, तर आधी पायऱ्या बघा. बांधणाऱ्याने जोतं उंच घेतलेलं असतं. दोन-तीन पायऱ्या चढायच्या आणि ओट्यावर यायचं. आता पुष्कळ ठिकाणी त्यातली एखादीच पायरी वर दिसते. काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरून आत जावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता चढलाय. डांबरावर डांबर, त्यावर गिट्टी, त्यावर सिमेंट. मग पावसाळ्यात नालीचं पाणी कोणाच्या घरात शिरणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

त्या पायरीबरोबर आणखीही काही गाडलं जातं. जुन्या गल्ल्यांतली दगडी फरशी, नालीच्या काठाचे घडीव दगड, रस्त्याच्या कडेचे लांबट दगड. आज बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

नागपूरला दगडाची वाण कधी नव्हती. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची. दख्खनभर पसरलेला हा काळा दगड आपल्या आसपास येऊन संपतो. पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात, आणि उत्तरेला वालुकाश्म. त्या वालुकाश्माच्या थराला भूगर्भशास्त्रात नावच कामठीचं आहे. ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात हेच खडक अभ्यासले. ते मिशनरी होते, पण लक्ष दगडांतही तेवढंच.

आता कडेचा दगड. तो काढलेला बघायला मिळाला तर जरूर बघा. आपल्याला वर दिसते ती त्याची वीतभर उंची; तेवढाच किंवा त्याहून जास्त तो जमिनीत असतो. वरची बाजू आणि रस्त्याकडचं तोंड घडवलेलं, टाकीचे घाव ओळीने दिसतात. जमिनीत जाणारा भाग ओबडधोबड, कारण तिथे पाथरवटाने मेहनत का घालावी? काम त्याचं एकच, पण मोठं: रस्ता बाजूला सरकू द्यायचा नाही. फरशी असो की वीट, कड सुटली की सांधे उघडतात, खालची वाळू वाहून जाते आणि एकेक दगड डुगडुगायला लागतो. नव्या गट्टूंचं, म्हणजे सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकचंही तेच होतं. बसवून वर्ष होत नाही तोच गट्टू उखडतात, तेव्हा आपण गट्टूला नावं ठेवतो. दोष बऱ्याचदा कडेचा असतो.

अशा रस्त्याचा मोठा गुण म्हणजे तो उघडता येतो. नेदरलँड्समध्ये शहरांतले कितीतरी रस्ते विटांचे आहेत. घराच्या साध्या विटेपेक्षा ही वीट जास्त भाजलेली आणि कठीण. वाळूच्या थरावर बसवलेली, सांध्यात सिमेंट नाही. पाइपलाइन दुरुस्त करायची तर विटा काढून बाजूला रचतात, काम करतात आणि त्याच विटा परत लावतात. अमेरिकेत, फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्येही विटांचे जुने रस्ते आणि ग्रॅनाइटचे कडेचे दगड आजही वापरात आहेत. आपल्याकडे नवा सिमेंट रस्ता केबलसाठी फोडतात, आणि त्यावरचं ठिगळ पुढे कायम राहतं.

मग आपले दगड जातात कुठे? मलब्यात. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, कागद तसा असतो. कामाच्या अंदाजपत्रकात खोदकाम असतं, मलबा उचलणं असतं, नवं काँक्रीट असतं. ‘जुने दगड अखंड काढणे, क्रमांक टाकून ठेवणे, पुन्हा बसवणे’ ही बाब सहसा नसते. आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत, ते काम कंत्राटदार कशाला करेल? जेसीबीचा एक फटका आणि शंभर वर्षं टिकलेला दगड ट्रॉलीत. माझं मागणं एवढंच आहे की ही बाब निविदेत आधीच यावी. आणि नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढावा, म्हणजे पायरी जिथल्या तिथे राहील.

शहरातला ब्रिटिशकाळचा झिरो माइलचा स्तंभ आपण जपतो, ते बरोबरच आहे. पाहुणे आले की त्यांना तिथे घेऊन जातो. पण वारसा म्हटलं की डोळ्यांपुढे इमारत किंवा स्तंभ येतो, पायाखालचं कोणी मोजत नाही. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली, तेव्हा तिने एकेका इमारतीसोबत अख्खे परिसरही संरक्षणात घेतले. परिसर घेतला तर त्यातला रस्ता वगळून कसं चालेल?

दगडी गल्लीत चालायला त्रास होतो, पावसात पाय घसरतो, ही तक्रार खोटी नाही. म्हाताऱ्या माणसांना तर खरोखर जड जातं. पण गुळगुळीत झालेल्या पाट्याला आपण टाकी लावून घेत होतोच की, दगडी फरशीलाही तशीच लावता येते. मधला पट्टा सपाट करून कडा जुन्या ठेवता येतात. ट्रकच्या रस्त्यावर फरशी घाला असं कोणी म्हणत नाही. प्रश्न महाल-इतवारीच्या त्या गल्ल्यांचा आहे, जिथे ट्रक मुळात शिरतच नाही.

तुमच्या गल्लीत असे दगड असतील तर काम सुरू व्हायच्या आधी त्यांचे फोटो काढा. शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. मागे घराची ओळखीची खूण येऊ द्या. फोटो जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्या, प्रत वारसा समितीला. अर्जात अंदाजपत्रकाची प्रत मागा, आणि दगड काढून ठेवायची बाब त्यात आहे का ते विचारा. दगड काढले तर ते कुठल्या गोदामात ठेवणार, हेही लेखी घ्या. आणि निघताना अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोहोच घ्यायला विसरू नका.

नमस्कार.