चिमटीतला मसूर

कोल्हापूर-सांगलीकडे रात्री हायवेला लागलं, की ढाब्याढाब्यावर एकच पाटी दिसते: अख्खा मसूर. त्यातला एक कोरडा दाणा चिमटीत धरा आणि डोळ्यासमोर कडेवर उभा करा. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता. 'लेन्स' हा शब्दही मसुराच्या लॅटिन नावावरूनच आला. आज पन्हाळ्यावरून आपण अशाच एका भिंगाकार दीर्घिकेकडे, म्हणजे असंख्य ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाकडे, बघणार आहोत.

एप्रिलची सुरुवात, रात्रीचे साडेनऊ. सिंह राशीतली ठळक चांदणी मघा जवळजवळ डोक्यावर आली आहे. हात लांब करून मघेपासून सरळ दक्षिणेला दोन मुठी मोजा. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. दुर्बिणीतून मात्र एक राखाडी, लांबट ठिपका दिसेल. हीच ती दीर्घिका, खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतली एनजीसी 3115. विल्यम हर्शेल यांनी ती 22 फेब्रुवारी 1787 रोजी शोधली. आकारावरून तिला 'स्पिंडल' म्हणतात, म्हणजे आपली सूत कातायची चाती.

आपल्या आकाशगंगेच्या चकतीला सर्पिल भुजा आहेत. त्या भुजांमधल्या वायू आणि धुळीतून आजही तारे जन्मतात. इथे चकती आहे, पण भुजा नाहीत. तारे घडवणारा थंड वायूही जवळजवळ उरलेला नाही. प्रखर निळे तारे काही कोटी वर्षांतच संपतात, आणि त्यांची जागा घ्यायला नवे आले नाहीत, की उरतात ते म्हातारे, पिवळसर तारे. म्हणून मोठ्या दुर्बिणींच्या फोटोंमध्ये हिचा रंग तुपासारखा दिसतो. व्याख्या विसरलात तरी चालेल, हा रंग लक्षात ठेवा. घरातली मुलं मोठी झाली, पाळणा माळ्यावर गेला, असं हे घर आहे.

केंद्रात एक कृष्णविवर आहे. भोवतालचे तारे किती वेगाने फिरतात, त्यावरून 1992 मध्ये त्याचा सुगावा लागला. त्याचं वस्तुमान सुमारे 100 कोटी सूर्यांएवढं. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं जेमतेम 40 लाख सूर्यांएवढं.

आणि अंतर? सुमारे 3.2 कोटी प्रकाशवर्षं. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे हा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा आपल्या पायाखालचा हा डोंगर थंड होऊन तीन कोटींहून अधिक वर्षं उलटली होती.

आता दुर्बिणीला डोळा लावा. ठिपक्याकडे थेट बघू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. थांबा थोडं. मसुराची दोन्ही टोकं हळूहळू लांबत जातील.