कुणाच्या बाजूचे तुम्ही?

श्रोतेहो, नमस्कार.

एकाच देशातली माणसं एकमेकांवर शस्त्र उगारतात, तेव्हा त्याला पुस्तकी मराठीत गृहयुद्ध म्हणतात. बोलताना मात्र तोंडात शब्द येतो यादवी. मौसलपर्वातली ती कथा आपल्याला शेवटाकडून आठवते: मुसळाच्या चुऱ्यातून उगवलेलं एरका नावाचं गवत उपटून यादव एकमेकांना मारत सुटले. भांडण कशावरून लागलं, ते मात्र सहसा सांगितलं जात नाही. प्रभासक्षेत्री मद्याच्या बैठकीत सात्यकीने कृतवर्म्याला डिवचलं, की झोपलेल्यांना मारणारा तो तूच. कृतवर्म्याने भूरिश्रव्याचं नाव काढलं. हात तुटलेला, प्रायोपवेशनाला बसलेला माणूस तू मारलास, तो कुठला पराक्रम? दोघे कुरुक्षेत्रावर समोरासमोरच्या बाजूंना होते आणि त्या गोष्टीला 36 वर्षं होऊन गेली होती. जुन्या लढाईत कोण कुठे उभा होता, हाच हिशेब नव्या लढाईला पुरला. आज त्या हिशेबाबद्दल बोलू. साध्या माणसाची बाजू ठरते कशी आणि ती त्याला कुठे कुठे सिद्ध करावी लागते?

सुरुवात नावापासूनच होते. फिनलंडमध्ये 1918 साली जानेवारी ते मे असं जेमतेम चार महिने युद्ध झालं. तेवढ्यात 36,000 हून अधिक माणसं गेली, त्यातली हजारो तर लढाई संपल्यावर कैद्यांच्या छावण्यांत भुकेने आणि रोगांनी. जिंकलेले 'पांढरे' त्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हणत, हरलेले 'लाल' वर्गयुद्ध म्हणत. कोण कुठला शब्द वापरतो, यावरून त्याचं घर कुठल्या बाजूचं ते कळायचं. नेपाळमध्ये 1996 ते 2006 या दहा वर्षांना माओवादी 'जनयुद्ध' म्हणतात, सरकारी कागद 'सशस्त्र द्वंद्व' म्हणतात. लेबनॉनमध्ये 1975 ते 1990 या काळाला लोक नुसतं 'त्या घटना' म्हणून मोकळे होतात. आयर्लंडच्या 1922-23 च्या युद्धाला आयरिश भाषेत 'मित्रांचं युद्ध' असं नाव आहे. आणि बोस्नियातल्या युद्धाला कुणी यादवी म्हटलं, की तिथले बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, हरकत घेतात, कारण त्यांच्या लेखी ते आक्रमण होतं. तेव्हा कुणाची आठवण ऐकायला बसलात, तर युद्धाचं नाव तुम्ही आधी उच्चारू नका. समोरच्याला उच्चारू द्या.

आता बाजू कशी ठरते ते पाहू. माणूस विचार करतो, पक्ष निवडतो आणि मग लढायला जातो, असं आपल्याला वाटतं. थोड्या लोकांच्या बाबतीत ते खरंही असतं. बाकीच्यांची बाजू पत्त्यावरून ठरते. स्पेनमध्ये 1936 च्या 17 जुलैला मोरोक्कोतल्या फौजेने बंड केलं, दुसऱ्या दिवशी ते मुख्य भूमीवर पोचलं. काही दिवसांतच देशाचे दोन तुकडे पडले. सेव्हिल आणि सारागोसा बंडखोरांकडे, माद्रिद, बार्सिलोना आणि वॅलेन्सिया प्रजासत्ताकाकडे. सारागोसातला समाजवादी कामगार बंडखोरांचा सेनापती फ्रँको याच्या सैन्यात भरती झाला आणि बार्सिलोनातला राजेशाहीवादी तरुण प्रजासत्ताकाच्या, कारण भरतीची नोटीस ज्या सरकारची, सैन्यही त्याचंच. स्पॅनिश अभ्यासक याला 'भौगोलिक निष्ठा' म्हणतात. 1938 मध्ये प्रजासत्ताकाने 1920 साली जन्मलेल्या मुलांना बोलावलं, म्हणजे सतरा-अठरा वर्षांची पोरं. लोकांनी त्या तुकडीला नाव दिलं 'दुधाच्या बाटलीवाले'. त्यांना तुम्ही का लढलात असं विचारणं म्हणजे पावसात का भिजलात असं विचारण्यासारखं आहे.

ग्वाटेमालात 1980 च्या दशकात तर सैन्याने गावातल्या सगळ्या पुरुषांनाच गस्तीवर लावलं. पगार नाही, पाळी चुकवायची नाही. नकार देणारा गनिमांचा माणूस ठरायचा, आणि तसं ठरणं म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. पुढे 2002 मध्ये याच गस्तवाल्यांनी त्या सेवेचा मोबदला मागत रस्ते अडवले. ज्यांनी नाइलाजाने काठी धरली तेही त्यात होते आणि ज्यांनी त्या काठीच्या जोरावर शेजाऱ्याचं घर जाळलं तेही. यादीत दोघांची नावं एकाखाली एक. मला विचाराल, तर यादवीचा हिशेब पुढे कधीच जुळत नाही, त्याचं मूळ अशा याद्यांत आहे.

पत्त्यानंतर येतो संशय. सशस्त्र माणूस गावात शिरतो तेव्हा त्याच्याकडे बंदूक असते, माहिती नसते. माहिती गावकऱ्याकडे असते, आणि त्याच्याकडे जुनी भांडणंही असतात. बांधाचं, पाण्याचं, मोडलेल्या सोयरिकीचं. बंदूकवाल्याला नाव हवं असतं आणि ते खरं आहे का हे तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो, साधनही नसतं. ग्रीक अभ्यासक स्टॅथिस कॅलिव्हास यांनी 1940 च्या दशकात यादवी झालेल्या ग्रीसमधल्या आर्गोलिड भागातली गावं एकेक करून तपासली. निष्कर्ष चटकन पटणारा नाही. जिथे दोन्ही फौजांचं बळ सारखं, तिथे नेमकं नाव सांगून झालेल्या हत्या कमी, कारण आज चुगली करणाऱ्याला उद्या दुसरी फौज येण्याची भीती. जिथे एका फौजेचा पूर्ण अंमल, तिथेही कमी, कारण विरोधक आधीच पळालेले किंवा गप्प झालेले. सगळ्यात जास्त हत्या मधल्या पट्ट्यात, जिथे एक बाजू वरचढ आहे, चुगलखोराला पाठीशी घालू शकते, पण दुसरीची माणसं अजून गावात आहेत. म्हणून एका गावात कत्तल आणि पलीकडचं गाव शांत, असं दिसतं. पुढे गावकरी त्याचं श्रेय देवाला किंवा सरपंचाला देतात.

त्यानंतर नाका. लेबनॉनच्या ओळखपत्रावर धर्मपंथ छापलेला असे. 6 डिसेंबर 1975 ला, ज्याला तिथे काळा शनिवार म्हणतात, बैरुतमध्ये ते पत्र पाहून माणसं गाडीतून खाली ओढली गेली. कागद नसेल तिथे जीभ तपासली जायची. पॅलेस्टिनी माणूस टोमॅटोला 'बंदोरा' म्हणतो, लेबनीज 'बनदोरा'. मधला एक 'अ' जीव घ्यायला पुरे होता. श्रीलंकेत सिंहली जमाव माणसाला बादली दाखवून हे काय म्हणून विचारायचा. सिंहलीत बादलीला 'बाल्दिय' म्हणतात. पोर्तुगीजांनी सोडलेला तो शब्द, आपली बालदी तीच. तमिळ बोलणाऱ्याच्या तोंडी त्यातला 'ब' नीट बसत नसे. 1983 च्या जुलैत कोलंबोत तमिळ घरं शोधायला मात्र एवढी कसरत लागली नाही. जमावाच्या हातात मतदारयाद्याच होत्या.

आणि दुसऱ्या बाजूला? उत्तर श्रीलंकेतल्या मुस्लिमांची मायबोलीही तमिळच. तरी 1990 च्या ऑक्टोबरात तमिळ वाघांनी, म्हणजे लिट्टेने, त्यांना बाहेर काढलं. जाफना शहरातल्या मुस्लिमांना दोन तास दिले, दागिने आणि रोकड काढून घेतली. सत्तर हजारांवर माणसं उत्तरेतून गेली. भाषा एक, शेजार पिढ्यांचा, पण बाजू कुठली हे त्यांना कुणी विचारलं नाही.

श्रोतेहो, युद्ध म्हणजे रोज गोळीबार, असं नसतं. बराचसा वेळ जातो वस्तू मिळवण्यात. 1990 पासून जाफन्यात वीज नव्हती आणि इंधन, बॅटऱ्या, सिमेंट, खत यांवर सरकारी बंदी होती. रात्रीसाठी लोकांनी जामच्या बाटलीचा दिवा केला. तळाशी थोडा कापूस, त्यावर तो भिजेल एवढंच केरोसीन, आणि त्यात उभी केलेली वात. बाटलीच्या काचेमुळे वाऱ्याने ज्योत विझत नाही आणि बाटली कलंडली तरी तेल सांडून आग लागत नाही, कारण मोकळं तेल त्यात नसतंच. मोटारसायकली केरोसीनवर चालवल्या. त्यात अडचण अशी, की थंड इंजिनात केरोसिनची वाफ नीट होत नाही, म्हणून गाडी सुरूच होत नाही. मग खिशातल्या छोट्या बाटलीतून पेट्रोलचे चार थेंब कार्ब्युरेटरकडे सोडायचे, किक मारायची, इंजिन तापलं की केरोसीन पुढे सांभाळून घेतं, मागे पांढरा धूर सोडत. नाक्यावर गाडी बंद पडली आणि इंजिन गार झालं, की पुन्हा चार थेंब. जास्त वेळ थांबवणारा नाका महाग पडायचा तो असा.

बोस्नियाची राजधानी साराएव्होचा वेढा 1992 च्या एप्रिलपासून 1996 च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. नळ कोरडे पडल्यावर लोक दारूभट्टीच्या झऱ्यावर, म्हणजे शहरातल्या बिअर कारखान्याच्या पाण्यावर रांगा लावायचे. 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो. दोन्ही हातांत दोन घेतले, तर गोळी सुटल्यावर पळता येत नाही. म्हणून बाबागाड्या निघाल्या, हिवाळ्यात मुलांच्या घसरगाड्या. पुढे उंच इमारतींचे जिने, कारण लिफ्टला वीज नाही. 1993 च्या उन्हाळ्यात विमानतळाखालून सुमारे 800 मीटरचा बोगदा खणून झाला. उंची साधारण दीड मीटरच्या आसपास, म्हणजे पाठीवर पोतं घेऊन वाकूनच चालायचं.

अशा आठवणी लोक खुशीने सांगतात. त्यात हिकमत आहे, थोडा विनोदही आहे, आणि कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. ऐकणाऱ्याने मात्र एक प्रश्न विचारून पाहावा: तेल तुम्हाला विकलं कुणी, कितीला? तिथे आवाज खाली येतो. तुटवड्यात नाका ओलांडून माल आणणारा माणूस दोन्ही बाजूंना पैसे चारतो, आणि तो बहुधा ओळखीतलाच असतो.

युद्ध संपलं, की बाजू कागदावर दाखवावी लागते. स्पेनमध्ये तर विजय दिसू लागताच फ्रँकोने 1939 च्या फेब्रुवारीत 'राजकीय जबाबदाऱ्यां'चा कायदा काढला, तो मागे 1 ऑक्टोबर 1934 पर्यंत लागू. ज्या दिवशी गुन्हा नव्हता, त्या दिवसाची शिक्षा. तुरुंगातून सुटायला किंवा नोकरी टिकवायला चांगल्या वागणुकीची हमी लागे: धर्मगुरूची, महापौराची, फालांजे या सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक प्रमुखाची, सिव्हिल गार्डच्या ठाणेदाराची. हमी देणाराही अडकायचा, म्हणून चिठ्ठी मिळवायला बायका महिनोन् महिने दारं झिजवत. काहींनी बाहेर येणंच टाळलं. मिहास गावचे महापौर मॅन्युएल कोर्तेस 1969 मध्ये माफी जाहीर होईपर्यंत 30 वर्षं स्वतःच्याच गावात लपून होते. बायको अंडी विकून घर चालवायची.

आयर्लंडमध्ये उलटं घडलं. तिथे बाजू सिद्ध केली तर पैसे मिळत. 1922-23 ची यादवी ब्रिटनशी झालेल्या तहावरून पेटली होती. 1924 च्या कायद्याने तहाच्या बाजूने लढलेल्यांना सैनिकी पेन्शन मिळालं. विरोधकांना ते 1934 मध्ये, त्यांचं सरकार आल्यावर. अर्जात कुठल्या काळात कुठे होता, कुठल्या कारवाईत काय केलं, कुणाच्या हुकमावरून, हे लिहायचं. मग जुन्या तुकडीचे अधिकारी ते खरं-खोटं करायचे. 1916 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात गोळ्या लागलेल्या मार्गारेट स्किनिडर यांचा अर्ज आधी फेटाळला गेला, कारण कायद्यातला 'सैनिक' म्हणजे पुरुष. घरात बायकोमुलांना ज्या गोष्टी आयुष्यभर सांगितल्या नाहीत, त्या या अर्जांत सापडतात. अर्थात त्या पेन्शनसाठी लिहिलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवूनच वाचाव्या लागतात. भीती आणि शंका यांना अर्जात रकाना नसतो.

ज्याचं प्रेतच सापडलं नाही, त्याच्या घरचं काय? नेपाळमध्ये बेपत्ता माणसाच्या बायकोपुढे रोजचा प्रश्न सिंदूर लावायचा की पुसायचा. पुसला तर आपणच नवऱ्याला मारल्यासारखं, लावला तर गावाची नजर. लेबनॉनमध्ये 1995 च्या कायद्याने चार वर्षं पत्ता नसलेल्याला मृत जाहीर करून घ्यायची सोय झाली. पण अर्ज घरच्यांनी करायचा, म्हणून अनेकांनी तो केलाच नाही. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात 1995 च्या जुलैत हजारो बोस्नियाक पुरुषांची कत्तल झाली. मारणाऱ्यांनी पुरावा लपवायला यंत्रांनी खड्डे उकरून प्रेतं दुसरीकडे नेली, आणि एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत गेली. नातेवाइकांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून ती जुळवली जातात. मग आईला विचारलं जातं: सापडलंय तेवढं या 11 जुलैला, कत्तलीच्या स्मृतिदिनी, पुरायचं, की उरलेल्याची वाट पाहायची? पुरल्यावर आणखी एखादं हाड सापडलं, तर कबर पुन्हा उघडावी लागते.

श्रीलंकेतलं युद्ध 18 मे 2009 ला मुल्लिवायक्कालच्या किनारपट्टीवर संपलं. शेवटच्या आठवड्यांत तिथे अडकलेली माणसं ज्यावर जगली, ती म्हणजे तांदळाची कांजी. मूठभर तांदूळ, पुष्कळ पाणी, मीठ असलं तर मीठ. पेज घ्यायला रांगेत उभे असताना तोफगोळे पडून माणसं गेली. आता दर मे महिन्यात उत्तरेत आणि पूर्वेत रस्त्याकडेला मोठ्या भांड्यात ती शिजवतात आणि येईल त्याला देतात. त्यात मुद्दाम काही घालत नाहीत, चव यावी म्हणूनसुद्धा नाही. लहान मुलं तोंड वाकडं करतात, तेव्हा मोठी माणसं त्यांना ही अशीच का, ते सांगतात. 2024 च्या मे महिन्यात पूर्वेकडच्या संपूरमध्ये ही कांजी वाटल्याबद्दल पोलिसांनी काही जणांना अटक केली. नमस्कार.