अमेरिकेतलं सूडाचं राजकारण: केस टाकणाऱ्याला घरी कोण पाठवू शकतं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली ट्रम्पवरून तुमची जी जुंपलीय, ती वाचूनच आज कॅमेऱ्यासमोर बसलेय. एकाने लिहिलंय, "बायडेनने ट्रम्पला आत टाकायचा प्रयत्न केला, आता ट्रम्प परतफेड करतोय. हिशेब चुकता." त्याखाली लगेच दुसरा, "म्हणजे तिकडेही ईडी आहे तर!" पुढच्याला मी डावी वाटते आणि त्याच्या पुढच्याला ट्रम्पची पगारी प्रचारक. व्हिडिओ एकच बरं का, दोघांनी तोच पाहिलाय.

आधी पार्श्वभूमी, भराभर सांगते, बहुतेकांना माहीतच आहे. 2011 मध्ये ॲरिझोनात खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी, त्या वाचल्या, पण सहा माणसं गेली. 2017 मध्ये बेसबॉलचा सराव करणाऱ्या रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्या पक्षाच्या, खासदारांवर गोळीबार, स्टीव्ह स्कॅलीस मरता मरता वाचले. 6 जानेवारी 2021, कॅपिटल, म्हणजे संसदेच्या इमारतीवर ट्रम्प समर्थकांचा हल्ला. 2022 मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पलोसींच्या नवऱ्याच्या डोक्यात घरात घुसून हातोडा. जुलै 2024, बटलरच्या सभेत ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली आणि सभेला आलेला एक माणूस जागीच गेला. एप्रिल 2025, पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो कुटुंबासह झोपलेले असताना घराला आग. जूनमध्ये मिनेसोटा, त्याबद्दल पुढे सांगते. सप्टेंबरमध्ये युटातल्या एका विद्यापीठात ट्रम्प समर्थक तरुण नेते चार्ली कर्क यांची हत्या.

ही यादी सगळ्यांकडे आहे. भांडण होतं ते ती कुठून सुरू करायची यावरून. न्यू जर्सीत माझा मावसभाऊ राहतो. त्याची यादी बटलरपासून सुरू होते, आणि आमच्या वहिनीची 6 जानेवारीपासून. दिवाळीच्या फराळाला बसून दोघं एकमेकांना तारखा ऐकवत होते, आणि मुलगा कानात हेडफोन घालून चकल्या संपवत होता. मी व्हिडिओ कॉलवर. मला विचारतात, "तू सांग, सुरुवात कोणी केली?" अरे, मी काय सांगू? लिंकनपासून सुरू करू?

मिनेसोटावर मात्र थोडं थांबते, कारण आपल्याकडच्या बातम्यांत ते दोन ओळींत उरकलं. 14 जून 2025, मध्यरात्रीनंतरची वेळ. एक माणूस पोलिसांसारखा वेश करून, पोलिसांसारखे दिवे लावलेली गाडी घेऊन आमदारांच्या घरांची दारं वाजवत फिरत होता. आधी जॉन हॉफमन या राज्य सिनेटरच्या घरी, तिथे नवरा-बायको दोघांनाही गोळ्या. ते कळल्यावर ब्रुकलिन पार्कच्या पोलिसांनी स्वतःहून ठरवलं, जवळच मेलिसा हॉर्टमन राहतात, त्यांच्याकडे एक चक्कर मारून येऊ. ते पोहोचले तेव्हा तो दारातच होता. हॉर्टमन आणि त्यांचे पती, दोघंही गेले. त्या विधानसभेच्या माजी अध्यक्ष होत्या. आरोपीच्या गाडीत नावांची यादी सापडली. आता विचार करा, त्या राज्यातल्या एखाद्या आमदाराच्या दारावर रात्री पोलिसाने टकटक केली, तर दार उघडायचं की नाही? आणि ज्यांनी हल्लेखोराला गाठलं, तेही पोलीसच. "पोलिसांच्या बाजूने की विरोधात" असली पाटी गळ्यात अडकवून बोलणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

बरं. आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हा व्हिडिओ आहे. सूड कशाला म्हणायचं?

तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारता: केस खरी की खोटी? ते कोर्ट बघेल. तुम्ही आधी हे विचारा, की केस टाकणाऱ्या वकिलाला घरी कोण पाठवू शकतं. पुन्हा सांगते. आरोपीचं नाव बाजूला ठेवा, वकिलाची खुर्ची कोणाच्या हातात आहे ते बघा.

पहिलं उदाहरण, जेम्स कोमी. एफबीआयचे माजी प्रमुख, 2017 मध्ये ट्रम्प यांनीच काढलेले. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राचे, मुख्य सरकारी वकील प्रत्येक जिल्ह्याला असतात. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, आणि राष्ट्राध्यक्ष काढू शकतो. पूर्व व्हर्जिनियातला असा वकील सप्टेंबर 2025 मध्ये पायउतार झाला, कारण कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या अटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च सरकारी वकील, लेटिशिया जेम्स यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा त्याला दिसत नव्हता. 20 सप्टेंबरला ट्रम्प यांची पोस्ट आली. (इथे स्क्रीनवर पोस्ट दाखवायची.) तेव्हाच्या कायदामंत्री पॅम बाँडींना थेट नावाने हाक मारून, सगळ्या जगासमोर, की यांच्यावर काहीच का होत नाही. मग त्या जागी लिंडसी हॅलिगन आल्या. आधी ट्रम्प यांच्याच खासगी वकील, फौजदारी खटला चालवल्याचा अनुभव शून्य. 25 तारखेला कोमींवर आरोपपत्र, खटला भरायची कायदेशीर मुदत संपायला काही दिवस उरलेले असताना. ऑक्टोबरमध्ये लेटिशिया जेम्स यांच्यावर. 24 नोव्हेंबरला न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी दोन्ही खटले फेटाळले, हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा म्हणून. कोमी दोषी की निर्दोष, तिथपर्यंत गाडी गेलीच नाही. जेम्स यांची केस पुन्हा ग्रँड ज्युरीपुढे नेली. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणारे साधे नागरिक. तिथे बहुतेकदा सरकारी वकील म्हणेल तसंच होतं. इथे दोन वेळा नकार मिळाला.

आता रिपब्लिकन मित्रांची कॉमेंट मला आधीच दिसतेय: "मग ट्रम्पवरच्या केसेस काय होत्या?" रास्त आहे, तेच दुसरं उदाहरण. फूटपट्टी तीच ठेवायची. न्यूयॉर्कमध्ये मे 2024 मध्ये 34 आरोपांत ट्रम्प दोषी ठरले, तो खटला भरला ॲल्विन ब्रॅग यांनी. ब्रॅग हे मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे तिथले मुख्य सरकारी वकील, केंद्राचे नाही, आणि ते निवडून येतात. हो, मतदान होऊन! आपल्याकडे सरकारी वकील चौकात हात जोडलेले फ्लेक्स लावतोय असं चित्र डोळ्यांसमोर आणा. तिकडे अनेक ठिकाणी शेरीफ, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुख, तोही निवडून येतो. न्यूयॉर्कची राज्यघटना ब्रॅग यांना हटवायचा अधिकार गव्हर्नरला देते. बायडेनना देत नाही. म्हणून "बायडेनने न्यूयॉर्कमध्ये अडकवलं" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी लिहिलंय, त्यांनी ते मागे घ्यावं. घेणार नाहीत, माहितीय मला.

पण बायडेन यांच्या पक्षाने, डेमोक्रॅट्सनी, इथे टाळ्या वाजवू नयेत. ब्रॅग यांच्या मतदारांत डेमोक्रॅट्सचा भरणा आहे, त्यांना खूश करायचा मोह वकिलाला होणारच. लेटिशिया जेम्स 2018 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अटर्नी जनरलपदाला उभ्या राहिल्या, त्या ट्रम्पच्या मागे लागणार असं प्रचारात सांगतच. पुढे त्यांच्या दिवाणी दाव्यात ट्रम्पना प्रचंड दंड झाला, तो ऑगस्ट 2025 मध्ये अपील कोर्टाने रद्द केला, गैरव्यवहाराचा ठपका मात्र कायम ठेवला. आणि ट्रम्पवर केंद्राचे खटले भरणारे जॅक स्मिथ? ते फेडरल. बायडेनच्या कायदामंत्र्याने नेमलेले. विशेष वकील असल्यामुळे कारण दिल्याशिवाय काढता येत नव्हतं, तरी साखळी वर व्हाइट हाऊसपर्यंत जातेच. तिथे रिपब्लिकनांच्या तक्रारीला जागा आहे. फरक एवढा, की बायडेनने "जॅक, अजून काहीच का नाही?" अशी जाहीर पोस्ट टाकली नव्हती. माझ्या मते हा फरक लहान नाही. तुम्हाला लहान वाटत असेल तर खाली भांडा, पण हॅलिगन आणि ब्रॅग यांना एकाच माळेत ओवू नका.

गंमत बघा. जुलै 2024 मध्ये फ्लोरिडात न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी स्मिथ यांनी ट्रम्पवर भरलेला गोपनीय कागदपत्रांचा खटला फेटाळला. कारण? स्मिथ यांची नेमणूक बेकायदा. तेव्हा जे नाचले त्यांना नोव्हेंबर 2025 मध्ये तोच मुद्दा "तांत्रिक पळवाट" वाटला. आणि जे तेव्हा पळवाट म्हणत होते, ते आता नाचले. माझ्या भावाकडे आणि वहिनीकडे या विषयावर फक्त जागांची अदलाबदल झाली.

ईडीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ईडी केंद्राच्या अर्थ मंत्रालयाखाली येते, त्यामुळे तुलना करायचीच तर फेडरल वकिलांशी करा. मॅनहॅटनशी नको.

तिसरी बाजू माफीची. इथे तर कॉमेंटमध्ये नुसता गोंधळ आहे. 20 जानेवारी 2025 ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. जाता जाता बायडेन यांनी स्वतःच्या भावंडांना, 6 जानेवारीची चौकशी करणाऱ्या समितीला, कोविडकाळातले सरकारी आरोग्य सल्लागार डॉक्टर फाउचींना आगाऊ माफी दिली. कोणावर खटला नसताना! मुलाला डिसेंबरमध्येच देऊन झाली होती, देणार नाही असं सांगून. संध्याकाळी ट्रम्प यांनी कॅपिटलवरच्या हल्ल्यातल्या सुमारे 1,500 जणांना माफ केलं. त्यात पोलिसांना मारहाण केलेलेही होते. त्या दिवशी सुमारे 140 पोलीस जखमी झाले होते. एक पोलीस दरवाजात गर्दीने चेंगरला जातोय, तोंडातून रक्त येतंय, किंचाळतोय, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. पोलिसांच्या सन्मानाचे झेंडे गाडीला लावणाऱ्या पक्षाला याचं उत्तर देता आलेलं नाही, आणि मला हे त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत लाजिरवाणं पान वाटतं.

या माफीलाही तीच फूटपट्टी लावा. राष्ट्राध्यक्ष फक्त फेडरल गुन्हे माफ करू शकतो. राज्याच्या वकिलाला तो काढू शकत नाही, तसंच राज्याची शिक्षा पुसूही शकत नाही. म्हणूनच न्यूयॉर्कच्या खटल्यातला गुन्हा ट्रम्प स्वतःला माफ करू शकले नसते.

कर्क यांच्या हत्येबद्दल थोडं. श्रद्धांजलीच्या सभेत त्यांच्या पत्नीने मारेकऱ्याला माफ केल्याचं सांगितलं. त्याच मंचावरून नंतर ट्रम्प म्हणाले, की मी माझ्या विरोधकांचा द्वेष करतो, त्यांचं भलं व्हावं असं मला वाटत नाही. टाळ्या दोघांनाही पडल्या. त्यानंतर "त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं" म्हणून नोकऱ्या गेल्या, काही परदेशी लोकांचे व्हिसा रद्द झाले. नाशिकच्या एका बाबांनी विचारलंय, मुलगा एमएसला जातोय, त्याने राजकीय पोस्ट काढाव्यात का? काका, जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसासाठी सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवावी लागतात. काय काढावं ते मी सांगणार नाही. पण अधिकारी वाचणार हे धरून चाला.

शेवटची कॉमेंट. "जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूप्रकरणी आत असलेल्या डेरेक शॉविनला ट्रम्पने माफ केलं तर तो सुटेल का?" आता हे तुम्हीच सांगायला हवं होतं. फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबणारा माजी पोलीस शॉविन, त्याला दोन शिक्षा आहेत. फेडरल 21 वर्षांची, ती माफ होऊ शकते. मिनेसोटा राज्याची साडेबावीस वर्षांची, तिला व्हाइट हाऊसमधून हात लागत नाही. दोन्ही एकत्र चालू आहेत. म्हणजे माफी मिळालीच, तर फेडरल तुरुंगातून निघून मिनेसोटाच्या तुरुंगात जाईल. बास.